साडेचार अंशांचा चिमटा

युझना गुहेतून बाहेर आली आणि शेवटच्या पायरीवर थिजलीच. तिच्या चपला नव्हत्या!

तौंग-लेच्या गुहेपाशी चपला चोरीला गेल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. माकडं केळी पळवत, फुलं पळवत, एकदा तर मठाधिपती सयादॉंचा चष्माही पळवला होता, पण चपला? सकाळी जिथे तिने हिरव्या मखमली पट्ट्याच्या चपला काढून ठेवल्या होत्या, तिथे आताही हिरव्या मखमली पट्ट्याच्याच चपला होत्या... फक्त होडीएवढ्या.

पाऊस कोसळत होता. कमळांच्या तळ्यावर त्याचा नुसता धूर झाला होता. आणि त्या धुरातून केळीचं पान डोक्यावर धरून कुणीतरी पळत येत होतं — विचित्रच, टाचा वर उचलून, गरम वाळूवरून पळावं तसं.

"थांबा, थांबा! ओरडू नका!" तो लांबूनच म्हणाला.

"मी कुठे ओरडतेय?"

"मग तुमचा चेहरा ओरडतोय."

तो पायरीशी येऊन थांबला. त्याच्या पायांत तिच्या चपला होत्या, आणि त्यांच्या मागे त्याच्या टाचा चार-चार बोटं बाहेर आल्या होत्या. चिखलाने लाल झालेल्या.

"फोनवर बोलत होतो. बोलता बोलता पाय घातला. अर्ध्या वाटेत वाटलं, पावसाने चपला आटल्या की काय!"

"कापड आटतं. रबर नाही आटत."

"हे आधी भेटून सांगायचं होतंत." त्याने चपला काढल्या, पायरीवरून वाहणाऱ्या पाण्यात खळबळून धुतल्या आणि तिच्या पावलांपुढे मांडल्या. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. "मला नान युझनांना भेटायचंय. गुहेच्या मोजणीचं काम आहे. वयस्कर बाई आहेत, कडक आहेत, असं ऐकलंय..."

युझनाने चपलांत पाय घातले. म्हणजे... देवळाच्या विश्वस्तांच्या पत्रातले 'मोजणीतज्ज्ञ सया झेया ल्विन' ते हे? तिने पन्नाशीचे, पिकल्या केसांचे कुणी सर डोळ्यांपुढे आणले होते.

"मीच युझना," ती म्हणाली. "वयस्कर नाही. कडक आहे. आणि ज्याला स्वतःच्या चपलेचं माप कळत नाही, तो माझी गुहा मोजणार?"

आता तो थिजला. केळीचं पान त्याच्या हातून निसटून तळ्याच्या दिशेने वाहत गेलं.

*

मोजणी सोमवारपर्यंत पुरी व्हायला हवी होती. सोमवारी तालुक्याच्या कचेरीत सुनावणी होती. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सिमेंटवाल्यांनी खाणीची परवानगी मागितली होती. खांबाखांबांनी आखलेली एक रेषा होती, रेषेच्या अलीकडे देऊळ, पलीकडे सुरुंग. प्रश्न एवढाच होता, की गुहेची सगळ्यात मागची खोली रेषेच्या कुठल्या बाजूला येते? डोंगराच्या पोटात कोण कुठे आहे, हे वरून कुणाला दिसतंय?

त्या मागच्या खोलीत गाव होतं. तौंग-लेत मूल जन्मलं की बाराव्या दिवशी आई साच्यात माती दाबून तळहाताएवढा बुद्ध करते आणि त्या खोलीच्या भिंतीला नेऊन टेकवते. शेकडो वर्षांचे असे हजारो मातीचे बुद्ध तिथे ओळीने बसलेले. युझनाचाही होता, तिसऱ्या ओळीत, एका कानाचा टवका उडालेला. मोलम्याइनच्या कॉलेजात भूगोल शिकून ती परत आली ती ह्या डोंगरापायीच. सुरुंगाने ती खोली ढासळली तर आयांनी जायचं कुठे?

म्हणून ती कडक होती. गुहेच्या तोंडाशी तिने एक वेताची टोपली ठेवली होती.

"लोखंड काढा," पहिल्याच सकाळी तिने हुकूम सोडला. "किल्ल्या, चाकू, घड्याळ, पट्टा, फोन. सगळं टोपलीत. होकायंत्राजवळ लोखंड गेलं की सुई बहकते."

"सुईच?" त्याने किल्ल्या टाकत विचारलं.

"सुईच!" तिने त्याच्याकडे न बघता केसांतला चिमटा ओढून काढला आणि टोपलीत टाकला. कागद धरायचा जाड लोखंडी चिमटा होता तो. कागदांवर नसला की तिच्या केसांत असायचा. केस सळकन पाठीवर उतरले. झेया काहीतरी बोलणार होता, ते विसरला.

काम सोपं आणि चिवट होतं. तो टेपचं टोक आणि दिवा घेऊन पुढे जायचा, भिंतीवर खडूची खूण करायचा. ती मागच्या खुणेवर उभी राहून होकायंत्रातून त्याच्या दिव्याकडे बघायची, अंश वहीत लिहायची. मग त्याच्या खुणेपाशी जाऊन उलटं, मागे बघायची. दोन्ही आकडे जुळले तर पुढे.

"प्रत्येक वेळी मागे वळून बघता," तो म्हणाला. "विश्वास नाही का?"

"होकायंत्रावर आहे, सया. माणसांवर नाही."

"सया, सया! मी काय मास्तर आहे? को झेया म्हणा की."

तिने पुढचा आकडा लिहिला. 'को' म्हणजे दादा, हे खरंच. पण बायका नवऱ्याला हाक मारतात तीही 'को' म्हणूनच, आणि तो कोणत्या अर्थाने म्हणतोय ते अंधारात नीट दिसत नव्हतं.

गुहा सगळी देवळाचीच, तेव्हा अनवाणी चालायचं. पायाखाली कधी गार शेवाळ, कधी वटवाघळांची विष्ठा, कधी सांडलेलं मेण. दुसऱ्या दिवशी युझनाच्या लक्षात आलं, की हा माणूस दिवा स्वतःच्या पायांपुढे धरतच नाही. तिच्या पायांपुढे धरतो. आणि मग स्वतः अंगठा आपटून घेतो.

"आई गं! ह्या दगडाचे किती अंश?"

"पुढे बघा, सया."

"पुढेच बघतोय."

तिला हसू आलं. तिने ते वहीत तोंड घालून लपवलं... पण अंधारात हसू दिसत नसलं तरी ऐकू येतं.

त्याच संध्याकाळी टोपलीतून चिमटा नाहीसा झाला. तिने टोपली उलटी केली, पायऱ्या धुंडाळल्या, माकडांना बोल लावला. झेया म्हणाला, "बघतो हं मी," आणि फार घाईघाईने चपला घालून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून युझनाच्या कागदांना कपडे वाळत घालायचा निळा प्लॅस्टिकचा चिमटा आला. कागद फडफडत राहिले, आणि ती चिडचिडत.

चौथ्या दिवशी ते निजलेल्या बुद्धापाशी पोचले.

सत्तर मीटर लांबीचा ओटा, त्यावर उजव्या कुशीवर पहुडलेली ती विशाल मूर्ती, आणि मूर्तीच्या पाठीमागून एक माणूस जेमतेम जाईल अशी वाट. ती वाट पुढे मागच्या खोलीच्या भुयारात उतरायची. ओट्याच्या पायथ्याशी सोनेरी अक्षरांची फळी होती : स्त्रियांनी वर चढू नये.

युझना फळीसमोर उभी राहिली. लहानपणापासून ती फळी तिथेच होती. पण कामाच्या आड ती आजच आली. मागच्या खोलीत बायका जात त्या वटवाघळांच्या भुयारातून, लांबच्या वाटेने. मोजणीचा फेरा पुरा व्हायला मात्र दोन्ही वाटा हव्या होत्या. ह्या वाटेने जायचं, त्या वाटेने परत निघालो त्याच खुणेवर यायचं. म्हणजे चूक असेल तर कळते.

"द्या इकडे," झेयाने हात पुढे केला. पहिल्यांदाच तिने होकायंत्र त्याच्या हातात दिलं. बोटांना बोटं लागली. होकायंत्र गार होतं, बोटं नव्हती.

वरच्या पाच टप्प्यांत त्याच्या खुणा तोच करणार, आकडेही तोच वाचणार. बुद्धाच्या पाठीमागून त्याचा आवाज येत राहिला. युझना खाली उभी राहून लिहीत राहिली. मागे वळून बघायला तिला जागाच नव्हती.

*

शुक्रवारी संध्याकाळी ओन मावशीच्या चहाच्या दुकानात युझनाने फेऱ्याची बेरीज केली. समोरचा गोड घट्ट चहा निवत चालला होता.

फेरा जुळेना.

तिने पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. जिथून निघालो तिथेच परत यायचं, आणि कागदावर ती साडेपाच मीटर लांब जाऊन पडत होती! थोडंथोडकं नव्हे, साडेपाच. आणि ह्या हिशेबाने मागची खोली रेषेच्या पलीकडे जात होती. सुरुंगांच्या बाजूला.

"काय गं, पालीने चहात उडी मारली का?" ओन मावशीने विचारलं. "तोंड बघ कसं झालंय."

युझनाने तिचं ऐकलंच नाही. ती चूक कोणत्या दिशेला झुकलीय ते बघत होती. निजलेल्या बुद्धाच्या ओट्याला काटकोनात. सत्तर मीटरांत साडेपाच... म्हणजे साडेचार अंश. पाच टप्पे, प्रत्येकात तेच साडेचार अंश, एकाच बाजूला. बाकी साऱ्या गुहेत अर्ध्या अंशाचाही फरक नाही.

ते पाच टप्पे झेयाने वाचले होते.

परवाच तो हसत हसत म्हणाला होता, "सहा महिने सिमेंटवाल्यांकडे होतो हो मी, दगडाला भोकं पाडायला!" त्यावर ती हसली होती. ती — जी माणसांवर विश्वास ठेवत नाही — हसली होती. आणि दिवा? तिच्या पायांपुढचा तो दिवा?

"मावशी," ती म्हणाली, "माणूस तोंडावर इतकं गोड कसं बोलू शकतो?"

"कोण, मोजणीवाला?" मावशी निवलेला पेला उचलत म्हणाली. "तो कुठला गोड बोलतोय! चहात साखर नाही सांगितली तरी साखर घातलेला पितो. लक्ष कुठे असतं त्याचं, देव जाणे."

*

शनिवारी सकाळी झेया आला तेव्हा ती पायरीवर बसली होती, टोपली मांडीवर घेऊन.

"आज लवकर?" तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "आज खरंच ओरडतोय हं."

"सया, सिमेंटवाल्यांनी काय द्यायचं कबूल केलंय तुम्हाला?"

"काय?"

"पाच टप्पे. साडेचार अंश. प्रत्येकात. तुम्ही वाचलेले." तिने वही त्याच्यापुढे धरली. "खोली रेषेपलीकडे गेलीय. सोमवारी हे मांडलं असतं तर..."

त्याने आकडे वाचले. एकदा, दोनदा. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की आपण काही चूक तर बोललो नाही ना, असं तिलाच क्षणभर वाटलं. तो पायरीवर बसलाच.

"मी वाचलेले..." तो पुटपुटला. "पण मी तर नीट... होकायंत्र डोळ्याशी धरून, असं, छातीजवळ हात टेकून..."

आणि त्याचा हात छातीवर जाऊन थबकला.

युझनाची नजर तिथेच होती. लुंगीला खिसा नसतो. माणसाचं सगळं असतं ते सदऱ्याच्या वरच्या खिशात. "खिसा रिकामा करा," ती म्हणाली.

त्याने काढलं — खडूचा तुकडा, दातकोरणी, लवंगांची पुडी. "एवढंच."

"खिसा अजून खाली लोंबतोय."

देवळातली घंटा कुणीतरी वाजवली. मग दोन बोटं खिशात घालून त्याने ते काढलं आणि तळहातावर ठेवलं.

तिचा चिमटा.

जाड, लोखंडी, कडेला थोडा गंजलेला. आणि त्याच्या दातांत अजून अडकलेला एक लांब काळा केस.

रात्रभर युझनाने मनाशी जी जी भांडणं मांडली होती, त्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं.

"टोपलीतून मीच उचलला होता," तो खाली बघत म्हणाला. "द्यायलाच, शपथ. मग हा केस दिसला... म्हटलं, उद्या देऊ. मग परवा. मग तुम्ही माकडांना इतक्या शिव्या दिल्यात, की द्यायची हिंमतच होईना."

"अहो, पण लोखंड आहे ते! लोखंड! पाच दिवस मी टोपली घेऊन बसते ती कशाला?"

"तेच तर..." त्याने मान वर केली. डोळ्यांत खरोखरीचं आश्चर्य होतं. "मला ते लोखंड वाटलंच नाही."

पाणी टपटपत होतं. युझनाला रडावं की हसावं कळेना, म्हणून ती ओरडली. "तुमच्या ह्या... ह्या वेडेपणापायी गावातल्या साऱ्या पोरांचे बुद्ध डोंगराखाली गेले असते! माझा गेला असता!"

"माहीत आहे." तो उठला. "मी जातो. तुम्ही दुसरा माणूस..."

"सोमवारच्या आत दुसरा माणूस कुठून आणू? झाडावरून? मीच चढते वर. फळी असू दे, नाहीतर फळीचा बाप."

"फळी माझ्याही आधीपासून आहे," मागून आवाज आला. म्हातारे सयादॉ खराटा घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. "काढायची तर समिती बसवावी लागेल. आपली समिती सोमवारपर्यंत बसायची नाही, पोरी. तिला बसायलाच चार महिने लागतात." मग खराट्यावर हनुवटी टेकवून त्यांनी विचारलं, "एक सांग. चूक आपल्या फायद्याची निघाली असती, खोली आणखी अलीकडे आली असती, तर शोधली असतीस?"

हे युझनाच्या मनातही आलं नव्हतं.

"शोधली असती," ती म्हणाली. "...सोमवारनंतर, पण शोधली असती."

सयादॉ तोंड भरून हसले. "मग ह्यानेही खिसा जरा उशिराच रिकामा केला. तुमचं मोजमाप सारखंच आहे." आणि पाला झाडत झाडत निघून गेले.

*

त्याने सदरा बदलला. युझनाने धाकट्या भावाचा लाल कारेन पद्धतीचा अंगरखा आणून दिला, हातमागाचा, बिनखिशाचा. तो त्याला इतका आखूड झाला की बेंबी झाकायला एक हात खालीच ठेवावा लागे.

"हसू नका."

"मी कुठे हसतेय?"

"मग तुमचा चेहरा हसतोय."

ओट्याच्या पायथ्याशी तिने होकायंत्र त्याच्या हातात दिलं. काल रात्री तिने ठरवलं होतं, की जन्मात पुन्हा ह्या हातात काही द्यायचं नाही. ती म्हणाली, "मला मागे वळून बघता येणार नाही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. ह्या वेळी थट्टा नव्हती.

बुद्धाच्या पाठीमागून आकडे येऊ लागले. पहिला टप्पा. दुसरा. युझना लिहीत गेली. प्रत्येक आकडा त्याच टप्प्याच्या पहिल्या वेळच्या आकड्यापासून चार-साडेचार अंश सरकलेला. तिसरा. चौथा. पाचवा आकडा सांगून तो थांबला आणि मग हळूच, अगदी हळूच म्हणाला, "आणि... हा फेरा जुळला तर मला 'को' म्हणाल? दादा नव्हे. दुसरं."

पण मूर्तीमागचं ते भुयार! तिथे कुजबुजलेला शब्द दगडादगडावरून घरंगळत सगळ्या गुहेला ऐकू जातो, हे परगावच्या माणसाला कोण सांगणार? मेणबत्त्या लावणाऱ्या चार म्हाताऱ्या गर्रकन वळल्या. ओन मावशी फुलं वाहायला आली होती. तिने आधी मूर्तीकडे पाहिलं, मग छताकडे, मग युझनाकडे. "कोण गं? कोण बोललं?"

युझनाचे कान पेटले होते. पाचव्या टप्प्याच्या पलीकडे वाट ओट्यावरून उतरत होती. वटवाघळांच्या वाटेने फिरून ती तिथल्या खालच्या खुणेवर गेली; तिथे आता तिचं काम होतं. झेयाने वरून होकायंत्र खाली दिलं. तिने ते डोळ्याशी धरलं, त्याच्या दिव्याकडे रोखलं. आकडा सांगितला. लिहिला. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर न देताच खोलीकडे चालू लागली.

मागच्या खोलीत तिने आपला बुद्ध शोधला. तिसरी ओळ, टवका उडालेला कान. त्याला हात नाही लावला. फक्त तिथेच आहे ना, ते बघितलं. मग वटवाघळांच्या भुयारातून दोघं गुहेच्या तोंडाशी आली.

पाऊस थांबला होता. युझना पायरीवर बसून बेरीज करू लागली. झेया तिच्या शेजारी नाही, दोन पायऱ्या खाली बसला; अंगरखा दोन्ही हातांनी खाली ओढत. पेन्सिल थांबली.

"किती?" त्याला धीर धरवेना.

"खोली अलीकडे आहे," ती म्हणाली. "रेषेच्या दीड मीटर अलीकडे. आपल्याकडे."

त्याने डोळे मिटून घेतले. मग टोपली ओढली, किल्ल्या उचलल्या, घड्याळ बांधलं, आणि तळाशी उरलेला चिमटा तिच्यापुढे धरला.

"हा तुमचा."

"राहू दे तुमच्याकडे." ती वहीत बघत म्हणाली. "मोजणी संपली. आता लोखंड चालेल."

झेयाने चिमटा मुठीत धरला. मग वाकून तिच्या वहीत डोकावला. "आणि फेरा? पुरा जुळला?"

"नऊ सेंटिमीटर राहिले."

"नऊ? पण ह्या वेळी माझ्यापाशी टाचणीसुद्धा नव्हती! मग नऊ कुठे गेले?"

युझनाने पेन्सिल खाली ठेवली. गालावरचा थनाखाचा लेप घामाने ओघळला होता, तो पुसायचंही तिला सुचलं नाही.

"ओट्याखालच्या खुणेवर होकायंत्र माझ्या हातात होतं," ती म्हणाली. "तुम्ही वरून विचारलंत... आणि माझा हात हलला, को."